गरब्याचे मैदान, नऊ रात्री आणि कमी किमतीची इलेक्ट्रिक गिटार : बडोद्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजार भागातील एका मराठी कुटुंबातला एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे तीन वर्षे गिटार शिकत होता. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून येथे त्याचा उल्लेख केवळ ‘वादक’ असा केला आहे. घरात गाणे होते. आजी गायनशाळेत शिकलेल्या आणि आई संवादिनी वाजवणाऱ्या. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी सुरू केलेली ही गायनशाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाली, आणि शहरातील अनेक जुन्या मराठी घरांचा तिच्याशी काही ना काही संबंध असतो. हे सांगण्याचे कारण एवढेच की वादकाचा कान लहानपणापासून तयार होता. दुसरा कोणी सोडून देईल असा किंचित उतरलेला सूरही त्याला बेचैन करीत असे. पुढे जे खर्च आणि ज्या चुका झाल्या, त्यांचे मूळ बरेचसे या बेचैनीत आहे.

त्याच्याजवळ स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीचे प्रसिद्ध मॉडेल) घडणीची, कमी किमतीची गिटार होती: तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग), सहा स्क्रूंवर बसवलेला ट्रेमोलो ब्रिज (बॉडीवरील तारांचा आधार, जो एका दांडीने म्हणजे बारने हलवता येतो), प्लॅस्टिकचा नट (खुंट्यांकडे जाताना तारा ज्याच्या खाचांतून जातात ती पट्टी) आणि २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर लांबीची तार. गिटारच्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे मुख्य दोष कारखान्यातून आलेला नव्हता.

त्या वर्षी नवरात्राला पाच आठवडे उरले असताना त्याला गरब्याच्या एका वाद्यवृंदात दुसऱ्या गिटारवादकाची जागा मिळाली. बडोद्यातील मोठ्या मैदानांवरचा गरबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही जबाबदारी किती मोठी आहे हे वेगळे सांगायला नको. एक फेरा अर्धा-पाऊण तास अखंड चालतो. खेळणाऱ्यांची पावले तालावर पडत असतात आणि मधे थांबून तारा जुळवण्याची सोय नसते.

अडचण

तक्रार एका वाक्याची होती: ‘सर, मींड घेतली की तार उतरते.’ पहिल्या तालमीत त्याने तिसऱ्या तारेवर दीड स्वराची मींड घेतली. मींड सोडल्यावर तार मूळ जागी न येता थोडी खालीच राहिली. दहा मिनिटांत तिसरी आणि चौथी तार ऐकवेनाशी झाली. शिवाय त्याची एक लकब होती. लोकगीताच्या चालीत एका तारेवर मींड घेताना तो शेजारची तार षड्जासारखी वाजती ठेवत असे, आणि मींडीच्या ऐन भरात ती शेजारची तारही उतरत असे. हे दोन दोष वेगवेगळे होते. वादक त्यांना एकच समजत होता आणि सुरुवातीला मीही त्यांची नीट फोड केली नाही.

माझ्याकडे येण्यापूर्वी त्याने स्वतः दोन उपाय करून पाहिले होते. जाड तार सुरात टिकते असे ऐकून त्याने गिटारवर मुळात असलेला ९-४२ गेजचा (पहिली तार इंचाच्या ९ हजारांश जाड, सहावी ४२ हजारांश) संच काढून १०-४६ चा संच चढवला. त्यानेही भागले नाही, तेव्हा ४,२०० रुपये खर्चून नवे लॉकिंग ट्यूनर, म्हणजे तार घट्ट पकडणाऱ्या खुंट्या, बसवले. ट्यूनर चांगले होते, परंतु त्यांची भोके १० मिलिमीटरची आणि जुन्या खुंट्यांची त्याहून लहान, त्यामुळे हेडस्टॉकची (खुंट्या बसवतात त्या टोकाची) भोके मोठी करावी लागली. एवढे करून दोष होता तेथेच राहिला, किंबहुना वाढला. आता त्याला वाटू लागले की गिटारच टाकाऊ आहे, आणि घरून २५,००० रुपयांची मर्यादा घालून नवी गिटार घेण्याची परवानगीही मिळाली होती.

माझी पहिली चूक

मी गिटार हातात घेतली तेव्हा ब्रिजची मागची कड बॉडीपासून चांगलीच वर उचललेली दिसली. ९-४२ च्या सहा तारांचा या लांबीवरील एकूण ताण सुमारे ३८ किलो असतो आणि १०-४६ चा सुमारे ४६ किलो. समोरून तारा ओढतात, मागच्या पोकळीतील स्प्रिंगा उलट्या दिशेने ओढतात आणि तरंगता ब्रिज या दोन ओढींच्या मध्ये तोललेला असतो. जाड तारांमुळे तो तोल बिघडला होता. मी स्प्रिंगा आवळल्या, ब्रिज पूर्ववत केला, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा फिरवून नेकचा, म्हणजे दांडीचा, बाक कमी केला, बाराव्या फ्रेटवर (दांडीवरील धातूच्या पट्टीवर) हार्मोनिक आणि दाबलेला सूर ताडून प्रत्येक तारेचे इंटोनेशन (दांडीवर कोठेही दाबली तरी सूर खरा राहण्याची जुळणी) बसवले आणि गिटार परत दिली. चार दिवसांनी तो पुन्हा दारात उभा होता. तिसरी तार उतरतच होती.

मला ब्रिजमध्ये एक ठळक दोष दिसला आणि मी तेथेच थांबलो. तक्रार मींडेनंतर सूर उतरण्याची असताना तारेचा संपूर्ण मार्ग, खुंटीपासून ब्रिजपर्यंत, तपासणे माझे काम होते. पाच आठवड्यांतील एक आठवडा असा गेला.

खरे निदान

दुसऱ्या वेळी आम्ही दोघे शांतपणे बसलो. तिसरी तार हळूहळू चढवत असताना नटजवळ बारीक ‘टिंग’ असा आवाज आला आणि सूर एकदम वर उडाला. याचा अर्थ तार खाचेत सरकत नव्हती. ती अडकत होती आणि ताण पुरेसा वाढला की एकदम सुटत होती. मग मींड घेऊन सूर उतरू दिला आणि नट व खुंटी यांमधला तारेचा तुकडा बोटाने दाबला. उतरलेला सूर तत्काळ जागेवर आला. मींडेत ओढली गेलेली तार सोडल्यावर नटच्या खाचेतून मागे जात नव्हती, एवढाच याचा अर्थ. खुंटी निर्दोष होती, पूर्वीचीही आणि नवीही.

कारण साधे होते. ९-४२ संचातील सहावी तार १.०७ मिलिमीटरची असते, १०-४६ मधली १.१७ ची. तिसरी तार ०.४१ वरून ०.४३ वर जाते. अंगठ्याच्या नखाला हा फरक जाणवणार नाही, पण ९ च्या संचासाठी कापलेल्या प्लॅस्टिकच्या अरुंद खाचेत तो पुरेसा ठरतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढणारा कारागीर तार आणि तिची टेकण्याची जागा यांतील केसाएवढ्या अंतरासाठी तासभर बसतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना नटच्या खाचेचे महत्त्व समजावून द्यावे लागत नाही. इलेक्ट्रिक गिटार घेताना मात्र लाकूड, रंग आणि पिकअप यांवर तास न् तास चर्चा होते आणि नटविषयी कोणी विचारतही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मऊ पेन्सिलीचे शिसे खाचेत घासल्यावर दोष निम्म्याहून कमी झाला. निदानावर ते शिक्कामोर्तब होते. दुसरा दोष, म्हणजे मींडेत शेजारची तार उतरणे, हा तरंगत्या ब्रिजचा स्वभाव आहे. एका तारेचा ताण वाढला की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा सैल पडतात. तो नटने सुटणारा नव्हता.

पुढे असलेले पर्याय

येथे खरा निर्णय घ्यायचा होता. चार आठवडे उरले होते आणि पैसे हाताशी होते. वादकाचा कल नव्या गिटारकडे होता, म्हणून आम्ही त्या किमतीच्या आसपासची मॉडेले एकेक करून, केवळ मैदानावरील गरब्याचा विचार ठेवून तपासली.

स्क्वायर ही फेंडरची स्वस्त नाममुद्रा. तिच्या सॉनिक मालिकेतील स्ट्रॅटोकास्टरला पॉपलरची बॉडी, सिरॅमिक पिकअप आणि सहा स्क्रूंचा ट्रेमोलो असतो, म्हणजे वादकाजवळ होते तेच जवळपास पुन्हा घ्यायचे. याच मालिकेत स्थिर ब्रिजची आवृत्तीही आहे आणि ती मला मनापासून पसंत होती, कारण मींडेत शेजारची तार उतरण्याचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. अडचण एवढीच की तिच्यात हंबकर (घरघर दाबणारा दुहेरी पिकअप) आणि सिंगल कॉइल यांची जोड मिळत नव्हती. ॲफिनिटी मालिका एक पायरी वर आहे. तिच्यात दोन खिळ्यांवर टेकणारा ट्रेमोलो आणि बंद डब्यातले ट्यूनर आहेत. दोन बिंदूंच्या ब्रिजला घर्षण कमी, पण तरंगतेपणाचे दोष सुटत नाहीत.

आयबनेझच्या जिओ मालिकेतील जीआरएक्स ४० मध्ये ब्रिजजवळ हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशी मांडणी आहे. यामाहाच्या पॅसिफिका ०१२ मध्येही तीच. ही मांडणी गरब्याच्या मैदानासाठी उपयुक्त का, याचे उत्तर विजेत आहे. सिंगल कॉइल हा पिकअप तारेच्या कंपनाबरोबर आसपासच्या तारांतून, ट्रान्स्फॉर्मरमधून आणि दिव्यांच्या डिमरमधून येणारी ५० हर्ट्झची घरघरही उचलतो. हंबकरमध्ये उलट गुंडाळीची दोन वेटोळी असल्याने बाहेरची घरघर एकमेकांना छेदते. १९५० च्या दशकात गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हा पिकअप याच त्रासावर उपाय म्हणून घडवला. शेकडो दिवे आणि जनरेटर यांच्या सहवासात हा फरक ऐकणाऱ्यालाही कळतो.

पॅसिफिका ११२ व्ही हे मॉडेल कागदावर सर्वांत सरस होते: आल्डरची बॉडी, अल्निको ५ चुंबकाचे पिकअप आणि टोनची कळ वर ओढून हंबकरचे सिंगल कॉइल करण्याची सोय. पण ते मर्यादेच्या बाहेर जात होते.

तिसरा मार्ग कोणाची तरी वापरलेली गिटार घेण्याचा होता. पुण्याच्या मामांनी एपिफोनची लेस पॉल स्पेशल-२ बघून ठेवली होती. दोन हंबकर, स्थिर ब्रिज, २४.७५ इंचांची थोडी आखूड तार आणि त्यामुळे मींडेला हलका हात. मात्र या घडणीत हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असतात. मधल्या दोन तारा नटवरून तिरक्या वळून खुंटीकडे जातात आणि नेमकी तिसरी तार खाचेत घासते. नटची काळजी येथे कमी नव्हे, अधिक घ्यावी लागते. मामांनी रात्री फोटो पाठवले, पण फ्रेटची झीज आणि नेकचा पीळ फोटोत दिसत नाही, आणि मामांना ते पारखता येत नव्हते. हा मार्ग आम्ही सोडला.

राहिला दुरुस्तीचा मार्ग. ट्यूनर बदललेलेच होते. नट बदलून ब्रिज स्थिर केला तर खर्च दीड हजाराच्या आत बसत होता.

निर्णय आणि कृती

मी सल्ला दिला की नवरात्रापूर्वी नवी गिटार घेऊ नये. नव्या गिटारलाही नटची घासणी, तारांची उंची आणि इंटोनेशन यांतून जावेच लागले असते, आणि हाताला परकी असलेली गिटार घेऊन नऊ रात्रींच्या मैदानात उतरणे मला धोक्याचे वाटले. वादक दोन दिवस नाराज होता. त्याच्या आईंनी विचारले, ‘सर, उद्या ऐन रंगात बंद पडली तर?’ प्रश्न रास्त होता. मी त्यांना नटचा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवला, तार दाबली की सूर कसा परत येतो ते ऐकवले. त्यांचा कान तयार असल्याने पुढे काही समजवावे लागले नाही.

नट कशाचा असावा यावर मात्र अनपेक्षित विचार करावा लागला. माझी सवय हाडाचा नट बसवण्याची आहे. तंबोऱ्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून तुकडाही मिळाला असता. आई म्हणाल्या, ‘देवीपुढे वाजवायचं वाद्य आहे, हाड नको.’ मी ते तत्काळ मान्य केले आणि टेफ्लॉन मिसळलेला कृत्रिम नट मागवला. खाचा आधीच कापलेल्या होत्या, तरी नेकच्या खोबणीचा तळ सपाट आहे की वक्र हे आधी मोजावे लागले, कारण चुकीच्या तळाचा नट बसतच नाही. तो येईपर्यंतचे सहा दिवस पेन्सिलीच्या शिशावर तालमी झाल्या.

तारांच्या बाबतीत आम्ही मागे फिरलो आणि ९-४२ चा संच परत चढवला. मींडेला हात हलका झाला आणि एकूण ताण सुमारे आठ किलोने उतरला. मग मागे तीनऐवजी पाच स्प्रिंगा लावल्या आणि त्या इतक्या आवळल्या की ब्रिज बॉडीला घट्ट टेकला. आता बार खाली दाबता येईल, वर ओढता येणार नाही. हा तोटा वादकाने विचार करून स्वीकारला, कारण त्याच्या वाजवण्यात बारचे काम नव्हतेच. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची १.८ मिलिमीटर आणि पहिलीची १.५ अशी ठेवली. त्याचा उजवा हात जड आहे, याहून खाली गेलो असतो तर तारा फ्रेटवर खडखडल्या असत्या.

घरघरीचे काय करायचे हा प्रश्न उरला होता. पाच जागांच्या स्विचवर दुसरी आणि चौथी जागा निवडली की घरघर जवळजवळ नाहीशी होते, असे आमच्या ध्यानात आले. मधल्या पिकअपची गुंडाळी आणि चुंबक उलटे असले की शेजारच्या पिकअपबरोबर तो हंबकरसारखे काम करतो. सगळ्याच स्वस्त गिटारमध्ये हे असते असे नाही, पण या गिटारमध्ये होते. नऊही रात्री त्याच दोन जागांवर वाजवायचे असे ठरले.

परिणाम

पहिल्या चार रात्री सूर टिकला. पाचव्या रात्री फेऱ्याच्या मध्यावर पहिली तार तुटली. मी त्या वेळी मंचाच्या कडेला होतो. वादकाने क्षणभर खाली पाहिले, तुटलेले टोक मनगटाखाली दाबले आणि तीच चाल दुसऱ्या तारेवर सरकून पुढे चालवली. ब्रिज बॉडीला टेकलेला असल्याने उरलेल्या पाच तारा जागच्या हलल्या नाहीत. तरंगता ब्रिज असता तर एका तारेचा ताण जाताच स्प्रिंगांनी बाकीच्या पाचही तारा वर ओढल्या असत्या आणि तो फेरा तेथेच संपला असता. या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय कोणता असे विचाराल तर मी ब्रिज टेकवण्याचा सांगेन. त्याला नव्या पैशांत दोन स्प्रिंगांपलीकडे काही लागले नव्हते.

सहाव्या दिवशी वेगळाच धोका लक्षात आला. साउंड तपासताना वादकाचा ओठ माइकला लागला आणि हातात गिटारच्या तारा असताना त्याला झटका बसला. हा दोष गिटारचा नसतो. ॲम्प्लिफायर आणि ध्वनियंत्रणा यांच्यापैकी एकाचे अर्थिंग तुटलेले असते. वीजतंत्रज्ञ येऊन अर्थिंग दुरुस्त करीपर्यंत मी त्याला तारांना हात लावू दिला नाही. याबाबतीत वेळ नाही ही सबब कोणीही चालवून घेऊ नये, कारण अशा झटक्याने माणूस दगावू शकतो.

नवरात्रानंतर घाई उरली नव्हती. दिवाळीनंतर मानधनाची भर घालून त्याने अहमदाबादेत दुकानात बसून पॅसिफिका ११२ व्ही घेतली. त्याच मॉडेलचे दोन नग समोर ठेवून दोन्हींवर तासभर वाजवले आणि ज्याचा नेक त्याच्या हाताला अधिक सहज वाटला तो उचलला. ब्रिज पहिल्याच आठवड्यात आम्ही बॉडीला टेकवून घेतला. गेल्या नवरात्रात घरघर टाळण्यासाठी त्याला दोनच आवाजांत अडकून राहावे लागले होते. आता ब्रिजजवळच्या हंबकरचा भरदार आवाजही त्याला खुला झाला.

वेगळे काय करता आले असते

वादकाने एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती. तारांचे गेज आणि ट्यूनर पाठोपाठ बदलल्यामुळे कोणत्या बदलाने काय झाले हे कळेनासे झाले. ट्यूनरचे ४,२०० रुपये वाया गेले असे मी म्हणत नाही, त्यामुळे तार बदलणे झटपट होते. पण मूळ तक्रारीशी त्यांचा संबंध नव्हता, आणि भोके मोठी केल्याने जुन्या खुंट्यांकडे परतण्याची वाटही बंद झाली. स्वस्त गिटारचे सुटे भाग घेताना आधी मोजमाप हवे. खुंटीच्या भोकाचा व्यास, ब्रिजवरील तारांमधले अंतर, बॉडीची जाडी या तिन्ही बाबतींत स्वस्त मॉडेले प्रमाण मापांपासून सरकलेली असू शकतात. पातळ बॉडीत पूर्ण उंचीचा ट्रेमोलो ब्लॉक (ब्रिजखालचा धातूचा ठोकळा) बसवला तर तो मागून बाहेर डोकावतो.

माझ्या बाजूने दोन गोष्टी राहिल्या. पहिली वर सांगितलीच. दुसरी पाचव्या रात्रीची. तुटलेली तार मी घरी आणून भिंगाखाली पाहिली. ती बरोबर ब्रिजच्या सॅडलवर टेकते तेथे तुटली होती. पत्रा वाकवून केलेल्या त्या सॅडलच्या कडेला बोटाला न जाणवणारी खर होती. नट, स्प्रिंगा, ट्रस रॉड सर्व पाहिले, पण सहा सॅडलवरून बारीक पॉलिश पेपर फिरवण्याची पाच मिनिटे मी दिली नाहीत. तार कोठे तुटते यावरून दोष कोठे आहे हे कळते: खुंटीजवळ तुटली तर खुंटीची कड, ब्रिजवर तुटली तर सॅडल. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गिटारचे सॅडल मी पहिल्या दिवशीच तपासतो.

जुनी गिटार विकायची नाही असे वादकाने ठरवले. मंचावर ती जुळवून स्टँडवर उभी असते. तिच्या मागच्या झाकणावर आतून एक कार्ड चिकटवले आहे, आणि तारांचे गेज, बदलल्याची तारीख, बाराव्या फ्रेटवरची उंची आणि स्प्रिंगांची संख्या तो त्यावर आपल्या हाताने लिहीत असतो. कार्डावरची सर्वांत अलीकडची नोंद ऑगस्टची आहे: पहिल्या तारेचा सॅडल पुन्हा घासला.